टेबलाखालचा ढग

(लांब पॅसेज. दोन्ही बाजूंना जाळीची दारं. भुंकण्याचा गलका.)

जे भुंकतात ते पुढे येतात, जाळीवर पंजे टाकतात, आणि पाहुणे त्यांच्याचपाशी थांबतात. आता उजवीकडचं शेवटचं दार बघा. मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेला राखाडी कुत्रा भुंकत नाही, उठतही नाही. बेवारस कुत्र्यांच्या या निवाऱ्यात येऊन त्याला पाच महिने झाले. त्याचं वय चार वर्षं, आणि तेच त्याच्या आडवं येतं.

लोकांना पिल्लू हवं असतं. हे कुटुंबही पिल्लूच बघायला आलं होतं. आई, बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी. तिघांनीही आजवर कुत्रा पाळलेला नाही. पहिल्यांदा पाळणाऱ्याला पिल्लू सोपं वाटतं. पण दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीसुद्धा. दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत, ते दिसेल ते चावतं. मोठं होऊन केवढं होईल, कसल्या स्वभावाचं निघेल, कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. चार वर्षांच्या कुत्र्याचं तसं नसतं. त्याचा बांधा, आवाज, भीती, सगळं समोर असतं. या फिल्ममध्ये आम्ही त्याचीच बाजू घेणार आहोत, ते आत्ताच सांगून टाकतो.

(चिप वाचणारं यंत्र मानेवरून फिरतं. बारीक 'टीं'.)

दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे. तिच्यात नाव नाही, पत्ता नाही, फक्त पंधरा आकडे. ते नोंदीत शोधले की मालकाचा फोन नंबर मिळतो. याच्या मालकाचाही मिळाला होता. पाच महिन्यांत अनेकदा लावून झाला. तो नंबर बंद आहे.

(गाडीची मागची सीट. कुत्र्याचं नाक सीटच्या फटीत.)

मुलीनं नाव गाडीतच ठरवलं. रंग राखाडी, म्हणून ढग.

(घर. कॅमेरा उंबऱ्याबाहेर.)

आम्ही इथंच थांबलो. आत यायचं नाही, असं निवाऱ्यातल्या ताईंनी बजावलं होतं. घरच्यांनाही तेच: पाहुणे नकोत, आंघोळ नको, मिठी तर नकोच. पाणी ठेवा, जेवण ठेवा, ठरल्या वेळी बाहेर न्या, आणि बाकी तीन दिवस काही करू नका. ऐकायला किती सोपं! दोन वर्षं कुत्र्यासाठी हट्ट करणाऱ्या मुलीला 'त्याच्याकडे टक लावून बघू नकोस' सांगितल्यावर तिचा चेहरा कसा होतो, ते दिसतंच आहे.

ढग सरळ जेवणाच्या टेबलाखाली गेला.

(टेबलाचे पाय, त्यामागे कुत्र्याचं तोंड. अगदी जवळून.)

तो जांभई देतोय, पण ती झोपेची नाही. आता ओठावरून जीभ फिरली. जवळपास खायला काही नाही. मान तिकडे वळलेली, डोळा मात्र इकडे, आणि कडेला पांढऱ्याची चंद्रकोर दिसतेय. या तिन्ही खुणा ताणाच्या. नवीन माणूस नेमका याच वेळी प्रेमानं जवळ जातो. बाबाही गेले. वाकले, आणि वरून डोक्याकडे हात नेला.

(गुरगुर. हात मागे.)

बाबांना धक्का बसला. रागवावं का, असं त्यांनी ताईंना फोन करून विचारलं. नाही रागवायचं. गुरगुर म्हणजे कुत्र्यानं दिलेली आगाऊ सूचना. सूचना दिल्याबद्दल ओरडा खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतो.

(रात्र. फळीवर ठेवलेला छोटा कॅमेरा. काळंपांढरं चित्र.)

पहाटे दोन चाळीस. घर झोपलंय. टेबलाखालून आधी नाक बाहेर आलं, मग बऱ्याच वेळानं बाकीचा कुत्रा.

हा भाग आम्ही कापलेला नाही. चपलांपाशी तो किती वेळ थांबतो बघा. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पन्नास-साठ लाख पेशी असतात. कुत्र्याच्या काही जातींत त्या तीस कोटींपर्यंत जातात. नाकपुडीच्या बाजूला चीर असते. सोडलेला श्वास तिथून जातो, म्हणून आत येणाऱ्या वासात फारशी भेसळ होत नाही. दिवसभर ज्यांच्याकडे त्यानं मान वर करून पाहिलं नाही, त्या तिघांना तो आता एकेका चपलेवरून ओळखून घेतोय. सगळ्यात लहान जोडापाशी तो दोनदा परत आला. त्यातली एक चप्पल तोंडात धरली, टेबलाखाली नेली आणि तिच्यावर हनुवटी टेकली. चावली नाही. मग उठून अर्धं जेवण संपवलं.

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर शू. बाबा त्याचं नाक तिथं घासायला निघाले होते. लहानपणी कुठंतरी तसंच पाहिलेलं. मघाशी केलेल्या शूचा आत्ताच्या शिक्षेशी कुत्र्याला मेळ लागत नाही. त्याला एवढंच कळतं, की हा माणूस कधी अंगावर येईल याचा नेम नाही. सतरंजी धुतली, विषय संपला.

(चौथा दिवस. दुपार. मुलगी जमिनीवर पालथी, टेबलाकडे पाठ, मोठ्यानं वाचतेय.)

ही युक्ती तिची स्वतःची. 'बघायचं नाही ना, मग मी त्याच्याकडे पाठ करून वाचते.'

(इथे निवेदन नाही. कुत्रा टेबलाखालून सरकत येतो. नाक मुलीच्या कोपराला लागतं. ती वाचत राहते. आवाज जरासा कापतो. चित्र पूर्ण चालू द्यावं.)

(दवाखाना. टेबलावर ढग, आईचा हात त्याच्या छातीवर.)

जुन्या लसींची नोंद नाही, म्हणून पहिल्यापासून सुरुवात. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे जीवघेणे साथीचे आजार, आणि रेबीज. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय, कुत्रा काय, जवळजवळ कुणीच वाचत नाही. तिथं चालढकल नाही.

डिस्टेंपरची गोष्ट मात्र जुनी आहे. १९१४ साली जर्मनीत, बॉनजवळच्या ओबरकासेलच्या दगडखाणीत एक कबर सापडली. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे. कुत्रा कसला, जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू. त्याच्या दातांवर आजाराच्या खुणा आहेत, आणि तो डिस्टेंपरच असावा असं २०१८च्या अभ्यासात मांडलं गेलं. अशा आजारात ते काही आठवडे जगलं. म्हणजे कुणीतरी त्याला पाणी पाजत होतं, ऊब देत होतं, घाण साफ करत होतं. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

(सुई. आईच डोळे मिटते.)

(फ्रिजवर चिकटवलेला कागद, मुलीचं अक्षर.)

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, घातलेलं काहीही. ढगाला बंद. 'मनुका'खाली दोन रेघा आहेत. का, ते विचारलं तर छोट्या बाई सांगत नाहीत.

मधल्या दीड महिन्याचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. कानावर आलं ते असं: दोन बूट आणि सोफ्याचा एक कोपरा गेला, शेजारून तक्रार आली, एक ठरलेली सहल रद्द झाली, आणि दवाखान्याचा खर्च धरला होता त्याच्या दुप्पट आला.

(तीन महिन्यांनंतर. तेच घर. कॅमेरा आता आत.)

सकाळचे साडेपाच. पट्टा खिळ्यावरून निघाल्याचा आवाज पुरतो. गळ्यातल्या नुसत्या पट्ट्यानं गळा दाबला जायचा, म्हणून आता छातीला बांधायचा हार्नेस आहे. पहिला पाय त्यात घालायला ढग आपणहून उचलतो. बाबा अजून अर्धवट झोपेत आहेत, दुसरा पाय चुकीच्या फटीत घालतात. ढग थांबतो.

(संध्याकाळ. लॅपटॉपचा पडदा. बाबा चिपच्या नोंदीचा अर्ज भरतायत.)

हे काम पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं, राहून गेलं. पंधरा आकडे मुलगी वाचून दाखवते, बाबा टंकतात. जुना नंबर खोडला जातो. खाली दोन रकाने आहेत. एकात बाबांचा नंबर गेला. दुसऱ्यात कुणाचा, यावर घरात पाच मिनिटं वाद चालला.

(टेबलाखाली कुत्रा. झोपेत पाय हलतात. हनुवटीखाली चप्पल. निवेदन नाही.)