सिमेंटची गोणी आणि आंबेतचे मुख्यमंत्री

ही सावित्रीची खाडी. अलीकडे आंबेत, पुलापलीकडे म्हाप्रळ, तिथनं रत्नागिरी जिल्हा लागतो. या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले, म्हणजे अब्दुल रहमान अंतुले, जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि कामाचा असा काही सपाटा लावला की विचारू नका. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा केला, त्याआधी सावंतवाडीच्या माणसाला कलेक्टर ऑफिसचं काम निघालं की थेट रत्नागिरी गाठावी लागायची. कुलाब्याचं रायगड केलं. संजय गांधी निराधार योजना आणली. हे सगळं त्यांचंच, आणि ते न सांगता थेट घोटाळ्यावर येणं मला तरी बरोबर वाटत नाही.

आता सिमेंट. तेव्हा सिमेंट कंट्रोलमध्ये होतं. साधी पडवी बांधायची तरी अर्ज करा, परमिटची वाट बघा, परमिट आलं की दुकानात माल आलाय का बघा, नसेल तर ब्लॅकने घ्या आणि तो भाव गरिबाला परवडणारा नव्हता. याच काळात मुंबईतल्या बिल्डर लोकांना सरकारकडून सिमेंटचा कोटा मिळत होता, आणि तेच बिल्डर इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाच्या ट्रस्टला देणग्या देत होते. ट्रस्ट कुणाचा? मुख्यमंत्र्यांनीच काढलेला.

३१ ऑगस्ट १९८१ ला पत्रकार अरुण शौरींनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये हे छापलं आणि राज्यभर गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की देणगी आणि सिमेंट यांचा एकमेकांशी संबंध होता. अंतुलेंनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचा कंट्रोल अर्धामुर्धा उठवला.

पण हा निकाल रिट याचिकेवरचा, म्हणजे सरकारच्या कारभाराविरुद्ध हायकोर्टात केलेल्या अर्जावरचा होता, त्यात जेल वगैरे नसते. फौजदारी केस वेगळी, ती भाजपचे रामदास नायक यांनी केलेली, आणि खरा घोळ तिथे झाला. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती स्पेशल जज्जकडून (भ्रष्टाचाराचे खटले चालवायला नेमलेला न्यायाधीश) काढून हायकोर्टाकडे दिली. चार वर्षांनी, २९ एप्रिल १९८८ ला, त्याच सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या बेंचने बहुमताने सांगितलं की आमचा तो आदेशच चुकला, असा खटला चालवायचा अधिकार कायद्याने स्पेशल जज्जलाच आहे आणि आरोपीचा हायकोर्टात अपिलाचा हक्क असा काढून घेता येत नाही. कायद्याने बरोबर असेल, मी नाही म्हणत नाही, पण चार वर्षं गेली ती गेलीच ना! खटला लवकर निकाली निघणं हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे हा १९९१ चा मोठा निकालसुद्धा अंतुलेंच्याच नावावर आहे, वकिलीची पोरं आजही तो वाचतात. शिक्षा मात्र त्यांना शेवटपर्यंत झाली नाही. त्यामुळे दोषी म्हणायचं की नाही यावर आजही कुणी वाद घातला तर कोर्टाचा शेवटचा कागद दाखवून त्याला गप्प करता येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच खटकतं, कारण ज्याने परमिटसाठी खेटे घातले त्याला उत्तर मिळायला हवं होतं.

मतदारांनी त्यांना टाकलं नाही. १९८९, १९९१, १९९६ असे सलग तीनदा ते कुलाब्यातून खासदार झाले (जिल्ह्याचं नाव बदललं तरी लोकसभेचा मतदारसंघ २००९ पर्यंत कुलाबाच होता), नरसिंह रावांच्या सरकारात आरोग्यमंत्री झाले, २००४ ला परत निवडून आले आणि मनमोहन सिंगांच्या सरकारात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. २००९ ला मात्र रायगडात शिवसेनेच्या अनंत गीतेंनी त्यांना पाडलं.