घरातील माणूस एकाएकी वेगळा वागू लागला, तर पहिल्या तासात काय करावे

नमस्कार. पन्नाशीतील एक गृहस्थ पायाचे हाड मोडल्यामुळे रुग्णालयात दाखल झाले आहेत, असे समजा. पहिला दिवस नीट जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. तिसऱ्या रात्री ते चादरीवरचे न दिसणारे किडे झटकू लागतात, सलाईनची सुई उपसून टाकतात आणि पत्नीला न ओळखता तिच्या अंगावर धावून जातात. कोणी म्हणते डोक्यावर परिणाम झाला, कोणी हळूच म्हणते बाहेरची बाधा झाली. वास्तविक ते कित्येक वर्षे रोज दारू पीत होते आणि दाखल झाल्यापासून ती एकदम बंद झाली होती. ही गोष्ट डॉक्टरांना सांगण्याची घरच्यांना लाज वाटली.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर साधारण 6 ते 24 तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान हा भ्रम उद्भवू शकतो. उपचार न मिळाल्यास तो जिवावर बेतू शकतो, आणि वेळेत मिळाल्यास बहुतेक रुग्ण त्यातून बाहेर येतात. त्यामुळे दाखल करतानाच रोज किती दारू पितात आणि शेवटची कधी घेतली हे स्पष्ट सांगा. रुग्णाची अब्रू झाकण्याच्या नादात आपण त्याचा जीव धोक्यात घालतो, हे मला अत्यंत कळकळीने सांगायचे आहे.

हेच उदाहरण प्रथम घेण्याचे कारण असे की वागणे अचानक बिघडले की आपण मनाचा किंवा स्वभावाचा विचार करतो आणि शरीर तपासायचे राहून जाते. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज सायंकाळी असंबद्ध बोलू लागल्या, सकाळी थोड्या सावरल्या आणि दिवेलागणीला पुन्हा बिघडल्या, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टर या अवस्थेला डिलिरियम म्हणतात आणि तिच्या मुळाशी लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, पाणी कमी पडणे किंवा नव्याने सुरू झालेली एखादी गोळी असू शकते. मधुमेही व्यक्ती घामाघूम होऊन चिडू किंवा बरळू लागली, तर लगेच साखर मोजावी. ती 70 च्या खाली असेल किंवा मोजण्याची सोय नसेल, आणि व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा जीभ जड होणे दिसले, तर पक्षाघात समजून तत्काळ निघावे.

मनाच्या आजारातही अशी वेळ येते. अनेक रात्री झोप नसते, कानात आवाज येतात, घरचे लोक विष घालतात असा ठाम संशय बसतो. प्रसंग हाताबाहेर जाण्यापूर्वी बहुधा काही खुणा दिसतात: येरझारा वाढतात, मुठी आवळल्या जातात, आवाज चढतो. अशा वेळी एकानेच बोलावे आणि बाकीच्यांनी, विशेषतः लहान मुलांनी, खोलीबाहेर जावे. दोन हातांहून अधिक अंतर ठेवून थोडे तिरके उभे राहावे, दाराची वाट रुग्णाला आणि स्वतःलाही मोकळी ठेवावी. टीव्ही बंद करावा. विळी, कोयता, फवारणीचे औषध यांसारख्या वस्तू शक्य असल्यास गुपचूप हलवाव्यात. त्याच्या हातात शस्त्र असेल, तर ते हिसकावण्याच्या भरीस न पडता बाहेर पडून 112 ला फोन करावा.

बोलावे कसे? “तुझ्या जेवणात कोणी काही घातलेले नाही” असा वाद घालून कोणाचा भ्रम दूर होत नाही, आणि खोटा होकार दिल्यानेही भले होत नाही. “तुला भीती वाटते आहे, हे मला कळते. मी इथेच आहे. पाणी देऊ, की बाहेर ओट्यावर बसू या?” अशी छोटी वाक्ये बोलावीत आणि उत्तरासाठी थांबावे. आपल्याला भांडण जिंकायचे नसून मदत पोहोचेपर्यंतचा वेळ काढायचा आहे.

चार जणांनी पालथे पाडून पाठीवर बसणे हा प्रकार तर कटाक्षाने टाळावा, कारण त्यात श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. साखळीने बांधण्याची किंमत आपण 2001 साली तमिळनाडूतील एरवाडी येथे पाहिली आहे, जिथे आग लागली तेव्हा बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे किंवा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. जिवाला गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे मानसोपचार सुरू करू शकतो आणि त्यांची मर्यादा सर्वसाधारणपणे 72 तासांची आहे. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ सापडेपर्यंत घरी वाट पाहण्याची गरज नाही, जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचावे.

कोणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर “आत्महत्येचा विचार मनात येतो का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. त्यानंतर त्याला एकटे सोडू नये. कीटकनाशक पोटात गेले असेल, तर उलटी करवू नये. हातांत रबरी मोजे घालून त्याचे भिजलेले कपडे काढावेत, त्वचा धुवावी आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. पोलीस केसच्या धास्तीने उशीर करू नये, कारण प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच कायदा गृहीत धरतो.

रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लागल्यावर पत्ता आणि जवळची ठळक खूण आधी सांगावी. मग वय, बदल केव्हापासून झाला, कोणते आजार आणि गोळ्या आहेत, दारू किती आणि कधी घेतली, हातात काही शस्त्र आहे का, हे सांगावे. जिवाला तत्काळ धोका नसला तरी काय करावे हे सुचत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. 112, 108 आणि 14416 हे तीन क्रमांक आजच स्वयंपाकघराच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि त्यांच्याखाली घरातील प्रत्येकाच्या चालू गोळ्यांची नावे लिहा.