चांदीचं पिस्तूल कुठलं?

(दृश्य: काळ्या कापडावर एक लांबोळकं पिस्तूल. कॅमेरा नळीच्या तोंडापासून मुठीकडे सावकाश सरकतो.)

सगळं पिस्तूल धातूत मढवलेलं. लाकूड कुठे दिसतच नाही. मुठीवर उठावकामातली पानंफुलं, नळीवर वेलबुट्टी, आणि मूठ निमुळती होत होत शेवटी एका लांबट बोंडात संपलेली. लिलावांच्या याद्यांमध्ये अशी पिस्तुलं कधी ‘तुर्की’ म्हणून येतात, कधी ‘इराणी’ म्हणून, आणि विकणारा जास्तच उत्साही असेल तर थेट ‘मुघल’. दाट नक्षी दिसली की मुघल म्हणून मोकळं व्हायचं, ही खोड आपल्याकडेही आहेच.

या घाटाच्या पिस्तुलाचा मुलूख आहे बाल्कन: आल्बेनिया, कोसोव्हो, माँटेनेग्रो, उत्तर ग्रीस. अठराव्या शतकात यातला बहुतेक भाग ऑटोमन सुलतानाच्या अमलाखाली होता. कमरेला चामड्याचा रुंद, कप्प्याकप्प्यांचा पट्टा, त्यात पिस्तुलांची जोडी आणि शेजारी याताघान, म्हणजे आखूड बाकदार तलवार, खोचलेली, हा तिथल्या पुरुषांचा रुबाब. १८०९ साली इंग्रज कवी बायरन तिथला ऑटोमन सुभेदार अली पाशा याच्या भेटीला आल्बेनियात गेला. तिथून आईला लिहिलेल्या पत्रात त्याने तिथल्या भरजरी पोशाखाचं वर्णन केलं, आणि त्यात चांदी मढवलेली पिस्तुलंही आली. पोशाखात ती शोभतच होती. मिरवण्यासाठीच तर ती मढवलेली!

(दृश्य: नळीखालच्या दांडीचा जवळून शॉट. हातमोजा घातलेली बोटं ती ओढून पाहतात.)

आता ही नळीखालची दांडी बघा. ठासणीच्या पिस्तुलात दारू आणि गोळी ठासायला गज लागतो, आणि तो नळीखालच्या खोबणीत असतो. ही दांडी मात्र ओढली तरी निघत नाही. निघणारच नाही, कारण ती गज नाहीच. पिस्तुलाच्या अंगाचाच एक भाग गजासारखा घडवलेला आहे. खरा गज वेगळा असायचा. त्याला हार्बी म्हणत, आणि तो पट्ट्यात खोचलेला किंवा दोरीला लटकवलेला असे. पश्चिम युरोपातल्या पिस्तुलांचा गज सहसा त्यांच्याबरोबरच असतो. त्यामुळे खोटा गज दिसला, की नक्षीकडे न बघताही जाणकाराची नजर ऑटोमन मुलखाकडे वळते.

चकमकीचा भाग त्याहून बोलका. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा, समोर पोलादी झडप, झडपेखाली रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूची, वाटी. चाप ओढला की गार झडपेवर आपटते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक पेटतं आणि नळीच्या कानातून, म्हणजे बुडाशी पाडलेल्या बारीक भोकातून, आग आतल्या दारूपर्यंत जाते. हे सगळीकडे सारखंच. फरक आहे तो घोड्याला झटका देणाऱ्या मोठ्या कमानीच्या जागेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये घडलेल्या पद्धतीत ही कमान चकमक बसवलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला लपलेली असते. स्पेन, दक्षिण इटली, तुर्कस्तान आणि कॉकेशसमध्ये चाललेल्या ‘मिकेलेट’ पद्धतीत ती बाहेर असते, उघडी, जाडजूड. कमान बाहेर की आत, एवढं पाहिलं तरी अर्धा नकाशा बाजूला ठेवता येतो.

(दृश्य: नळीवर खोदलेली रोमन अक्षरं.)

मग येते सही. अक्षरं खोदलेली आहेत म्हटल्यावर कोडं सुटलं असं वाटतं. खरी गंमत इथूनच सुरू होते. उत्तर इटलीतल्या ब्रेशियाजवळ, गार्दोने या गावात, कोमिनात्सो घराण्याचे लोक नळ्या बनवत. हलक्या, पातळ, तरीही भक्कम. त्यातल्या लाझारिनो या नावाचा दबदबा एवढा, की ते नाव ठिकठिकाणचे कारागीर आपापल्या नळ्यांवर खोदू लागले. कुठे एखादं अक्षर गळालेलं, कुठे जास्तीचं घुसलेलं. चकमकीच्या काही पट्ट्यांवर तर अक्षरंच नाहीत, नुसत्या उभ्या रेघा आणि मधूनमधून गोल. रोमन लिपी न येणाऱ्या कारागिराने सहीचं चित्र काढलंय! गिऱ्हाइकालाही वाचता येत नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. ‘लंडन’ या नावाचीही अशीच गत. ते कोरलेल्या सगळ्याच पट्ट्यांनी लंडन पाहिलेलं नाही.

मात्र अस्सल इटालियन नळ्याही बाल्कनमध्ये येतच होत्या. नळी इटलीची, चकमक आणखी कुठली, आणि चांदीकाम गावातल्या सोनाराचं, अशी जुळणी तिथे सर्रास व्हायची. जुनं चांदीकाम नव्या नळीवर चढवलं जाई, झिजलेली चकमक बदलली जाई. अशा पिस्तुलाला एकच गाव चिकटवायचा हट्ट मला तरी पटत नाही. नक्षीवरून ते कुठल्या बाजारात विकलं गेलं आणि कुणाच्या कमरेला होतं याचा अंदाज येतो. नळी कुठे ओतली-घडवली, ते नक्षीला विचारून उपयोग नाही.

नळीच्या बुडाशी चाचणीचा शिक्का, म्हणजे नळी दारू भरून तपासल्याची खूण, असेल तर काम सोपं होतं. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला नळ्या तपासण्याची सनद मिळाली १६३७ मध्ये, बर्मिंगहॅमचं चाचणीघर सुरू झालं १८१३ मध्ये. बेल्जियममधल्या लीएजचा शिक्का म्हणजे लंबवर्तुळात ई, एल, जी ही तीन अक्षरं. १८९३ पासून त्यावर मुकुट आला. मुकुट असेल, तर ‘अठराव्या शतकातलं’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून निघावं.

(दृश्य: दोन पिस्तुलं शेजारी शेजारी. एक काळ्या चामड्याचं, एक निव्वळ पोलादी.)

हे डावीकडचं कॉकेशसचं. अंग सडपातळ, लाकडावर चामडं चढवलेलं, मुठीच्या टोकाला चेंडूसारखा गोळा, चांदीवर काळ्या रेषांचं निएलो काम. चाप म्हणजे नुसती गुंडी, भोवती संरक्षक कडं नाही. चकमक मिकेलेटची.

उजवीकडचं बाल्कनसारखंच सगळं धातूचं, आणि यालाही गुंडीचा चाप. पण मुठीची टोकं बघा, मेंढ्याच्या शिंगांसारखी दोन्हीकडे वळलेली. त्या दोन शिंगांच्या मधली छोटी गुंडी फिरवून ओढली, की एक सुई बाहेर येते. तुंबलेला कान साफ करायची सुई. हे स्कॉटलंडचं. तिथल्या डून या गावात टॉमस कॅडेलने १६४६ मध्ये बस्तान बसवलं आणि पुढे गाव पिस्तुलांसाठी नावाजलं. कलोडनच्या लढाईत स्कॉटिश बंडखोर हरल्यानंतर, १७४६ मध्ये, हायलँडच्या, म्हणजे डोंगराळ स्कॉटलंडच्या, लोकांना शस्त्रबंदी झाली. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि हायलँडच्या पोशाखाची लाट उसळली. त्या लाटेत पोशाखाबरोबर मिरवायला पुन्हा तशीच पिस्तुलं निघाली. घाट तोच, पण घडणावळ बघितली की कळतं, यांना गोळी झाडण्याशी फारसं देणंघेणं नाही.

पर्यटकांसाठी बनवलेल्या पिस्तुलांचं तर विचारूच नका. पितळी तारा, हाडाच्या चकत्या, रंगीत काचा, सगळा साज असतो. फक्त नळीला कान पाडायचा राहून जातो.

(दृश्य: चकमकीच्या पट्टीवर सोन्याचे वळणदार पट्टे.)

नक्षीला इतकं बोललो, पण श्रीरंगपट्टणच्या बाबतीत मात्र नक्षीच खरं सांगते. टिपू सुलतानाच्या कारखान्यातल्या पिस्तुलांची चकमक युरोपीय धाटणीची, इतकी सफाईदार, की लांबून एखादं इंग्लिश वाटावं. जवळ गेलं की वाघ दिसतो. कुठे वाघाचं तोंड, कुठे अंगावरच्या पट्ट्यांची नक्षी. काही जोड्यांमध्ये एकाची चकमक उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे.

आणि सालाचा घोळ. टिपूने मौलूदी ही आपली वेगळी कालगणना चालू केली आणि तिचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले. १२२० हे साल शस्त्रावर ०२२१ असं उमटतं. उलटं वाचायचं लक्षात आलं, तरी ते हिजरी समजून मांडलं तर १८०५ निघतं. तेव्हा टिपूला जाऊन सहा वर्षं झाली होती. मौलूदी धरलं की १७९२ च्या आसपास येतं, म्हणजे हरिपंत फडक्यांची मराठी फौज इंग्रज आणि निजामाच्या जोडीने श्रीरंगपट्टणवर होती तो काळ.

१७९९ मध्ये किल्ला पडल्यावर यातली बरीच शस्त्रं लुटीच्या वाटणीतून इंग्लंडला गेली. आज टिपूच्या नावाला लिलावात मोठा भाव आहे, त्यामुळे वाघाचे पट्टे दिसले की जाणकार आधी भिंग काढतात. हात सतत लागून जिथे धातू गुळगुळीत झालाय, तिथे पट्टेही झिजलेले हवेत. धातू झिजलेला आणि पट्टे कोरे करकरीत असतील, तर वाघ मागाहून आलेला.