आजीच्या डोळ्यातली धुई

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, या ग्लासात कच्च्या अंड्याचा पांढरा भाग आहे. मागे पेपर धरतो. पुढे बसलेल्या पोरांनो, अक्षरं वाचता येतात ना? आता हे उकडलेलं अंडं पाहा. यातून काहीच दिसत नाही. बाहेरून काही घातलं नाही, आतून काही काढलं नाही. प्रथिनं तीच आहेत, फक्त त्यांची घडी मोडली.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या लहान रेणूंची लांब साखळी. ती नुसती असून कामाची नाही. नऊवारी लुगड्याचं पाहा. निऱ्या बसल्या, काष्टा घट्ट खोचला, की बाई दिवसभर वावरात वाकून कापूस वेचते. काष्टा सुटला की तेच लुगडं पायात येतं. प्रथिनाचंही तसंच. घडी सुटली की आत दडवलेले चिकट भाग उघडे पडतात आणि शेजारच्याला चिकटतात. उकडलेलं अंडं म्हणजे असा झालेला गोळा.

हे मी आजीमुळे शिकलो. आमच्या घरी तूर निवडायचं काम तिचं. एका वर्षी वरणात खडे लागू लागले आणि आम्ही सगळे तिच्यावर चिडलो. मीही चिडलो, त्याचं अजून वाईट वाटतं. ती म्हणायची, "धुई पडल्यावानी दिसते रे बापू." तो मोतीबिंदू होता.

डोळ्यातलं भिंग म्हणजे प्रथिनांचं घर. त्याच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा प्रथिनंच, त्यांना क्रिस्टलिन म्हणतात. उजेड आडू नये म्हणून तिथल्या पेशी मोठ्या होताना आपलं केंद्रकसुद्धा, म्हणजे प्रथिनं घडवायचा नकाशा ठेवायची जागा, टाकून देतात. त्यामुळे जुनं मोडलं तर नवं घडवायची सोय उरत नाही. भिंगाच्या मधोमध असलेली प्रथिनं आपण आईच्या पोटात असताना बनलेली असतात आणि तीच मरेपर्यंत पुरवायची असतात. मला शरीरात याहून अवघड नोकरी दुसरी दिसत नाही.

त्यांचा वैरी ऑक्सिजन. त्याच्याशिवाय जगता येत नाही, पण तो वापरताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे उनाड रेणू तयार होतात. जखमेवर ओतलं की फसफसतं ते औषध म्हणजे हेच. पेशी त्यांना आवरते. आवरणं कमी पडलं की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. काही अमिनो आम्लांत गंधक असतं. अशा उनाड रेणूंचा मारा झाला, म्हणजे ऑक्सिडेशन झालं, की दोन गंधकांची गाठ बसते. भिंगात ही गाठ नको तिथे बसते, घडी बिघडते, प्रथिनांचे गोळे होतात आणि उजेड सरळ जायच्या ऐवजी विखुरतो.

गाठ मात्र मुळात वाईट नाही. इन्सुलिनमध्ये अशा 3 गाठी असतात आणि त्या नसतील तर इन्सुलिन कामाचं नाही. त्या बांधायला पेशीत वेगळी खोली असते, आणि गाठी बांधताना तिथेही पेरॉक्साइड बनतं. म्हणजे घडी नीट घालण्याच्या कामातूनच घडी मोडणारं निघतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

भिंगाकडे दोन राखणदार आहेत. एक ग्लुटाथायोन. ते पेरॉक्साइड आवरायला मदत करतं, नको त्या गाठी बसू देत नाही. वय वाढतं तसं ते भिंगाच्या मध्यात कमी पडतं. दुसरं अल्फा क्रिस्टलिन. सुटू लागलेल्या प्रथिनाला ते धरून ठेवतं, गोळा होऊ देत नाही. हे जोसेफ हॉरविट्झ या शास्त्रज्ञानं 1992 मध्ये दाखवलं. पण तेही मोजकंच असतं, सांभाळता सांभाळता संपतं.

ऊन, बिडी, साखरेचा आजार यांनी हा भार वाढतो. चुलीच्या धुराशीही संबंध दिसला आहे. म्हणून वावरात जाताना डोक्यावर रुमाल तर बांधाच, डोळ्यांवर सावली पडेल अशी टोपीही घाला. मोतीबिंदू विरघळवतो म्हणून कोणी थेंब किंवा भुकटी विकत असेल तर पैसे देऊ नका. अमेरिकेत हजारो लोकांना वर्षानुवर्षं क, ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. 2001 मध्ये निकाल आला, मोतीबिंदूवर काही फरक पडला नव्हता. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही. भिंग बदलणं, म्हणजे ऑपरेशन, हाच उपाय.

आजीचंही झालं. महिनाभरानं तिनं सुपात तूर घेतली, ओसरीवर उजेडात बसली आणि थोड्या वेळानं मला हाक मारली. तळहातावर खडे होते.

"इतके होते का रे याच्यात? अन् तुम्ही खात होते!"