हॅनबरी स्ट्रीट, पहाटे साडेपाच

नमस्कार मंडळी. आज एका बाईच्या शेवटच्या तासाबद्दल बोलायचंय. ॲनी चॅपमन तिचं नाव, वय ४७. ८ सप्टेंबर १८८८ ला सकाळी सहाच्या सुमाराला लंडनच्या पूर्व भागात, २९ हॅनबरी स्ट्रीट या घराच्या मागच्या अंगणात तिचा मृतदेह सापडला. जॅक द रिपर म्हणतात तो खुनी कधीच सापडला नाही, आणि आजही सगळी चर्चा तो कोण होता यावरच होते. मला मात्र कित्येक वर्षं वेगळाच प्रश्न छळतोय, की ज्या लोकांनी शपथेवर सांगितलं "मी बघितलं, मी ऐकलं", त्यांचं किती खरं धरायचं?

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ वेळेचा आहे. त्याच घरात जिची भाडेकरू म्हणून खोली होती तिचा मुलगा जॉन रिचर्डसन पावणेपाचच्या सुमाराला तिथे आला, तळघराचं कुलूप बघायला. चौकशीत तो म्हणाला की मी मागच्या पायरीवर बसलो, बुटाचं टोचणारं चामडं सुरीने कापलं, अंगणात काही नव्हतं. मृतदेह सापडला तो पायरीला अगदी लागून, मग याला दिसला कसा नाही? पण इन्स्पेक्टर चँडलर यांनी सांगितलं की आधी माझ्याशी बोलताना तो पायरीवर बसल्याचं काही बोललाच नव्हता. मग त्याने सुरी आणून दाखवली, तर म्हणे ही बोथट होती, चामडं कापलं ते बाजारात दुसरी सुरी मागून घेऊन. माणूस खोटारडा होता असं मला वाटत नाही, पण त्याची गोष्ट प्रत्येक वेळी थोडी थोडी हलते हे खरं.

शेजारच्या २७ नंबरमध्ये राहणारा सुतार ॲल्बर्ट कॅडॉश. तो सव्वापाचला उठला, अंगणात गेला, कुंपणापलीकडून "नो" असा शब्द ऐकला, आत जाऊन तीन-चार मिनिटांनी परत आला तर कुंपणावर काहीतरी आदळल्याचा आवाज. त्याने डोकावून बघितलं नाही, कामाला निघाला, आणि स्पिटलफील्ड्सच्या चर्चच्या घड्याळात ५:३२ वाजलेले बघितले. म्हणजे आवाज साडेपाचच्या आधीचा.

आणि एलिझाबेथ लाँग? बाजाराला चाललेली ही बाई सांगते की ब्रूअरीच्या घड्याळाचे साडेपाचचे टोले नुकतेच पडले होते आणि २९ नंबरसमोर फुटपाथवर एक बाई आणि एक पुरुष बोलत उभे होते, तो म्हणाला "विल यू?", ती म्हणाली "येस". म्हणजे कॅडॉशला जी पडल्याचा आवाज आला ती बाई नंतर रस्त्यावर जिवंत उभी! दोघांपैकी एकाची वेळ चुकलीय, नाहीतर त्यांनी बघितलं-ऐकलं ते भलत्याचंच. डॉक्टर फिलिप्स साडेसहाला पोचले आणि त्यांचं मत पडलं की मरून निदान दोन तास झालेत, म्हणजे तिघांचंही गेलं! पण त्यांनीच हेही सांगून ठेवलं होतं की सकाळ गार होती आणि रक्त फार गेलं होतं, म्हणजे अंग लवकर गार पडू शकतं.

मृत्यूची चौकशी तिकडे कॉरोनरसमोर, म्हणजे मृत्यू कसा झाला हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर चालते, पूर्वी आपल्या मुंबईत पण कॉरोनरचं कोर्ट होतं. इथे कॉरोनर होते विन बॅक्स्टर. त्यांनी लाँगबाईंचं मानलं आणि कॅडॉशची वेळ पाव तास चुकली असेल तर सगळं जुळतं असं म्हटलं. मला हे पटत नाही. लाँगबाई प्रामाणिक होत्या याबद्दल शंका नाही, पण त्यांनीच कबूल केलं की अशी जोडपी त्या वेळी बरीच दिसतात, म्हणून विशेष लक्ष दिलं नाही. मग जाता जाता बघितलेला अनोळखी चेहरा तीन-चार दिवसांनी शवागारात, मेलेल्या बाईचा म्हणून दाखवला, तर ओळख कितपत पक्की? आणि पुरुषाचा चेहरा तर त्यांनी बघितलाच नव्हता, तरी तो "परदेशी वाटला". पाठमोरा माणूस परदेशी कसा वाटतो? त्या महिन्यात त्या वस्तीत ज्यूंवर संशयाचं वातावरण होतं, ते मनात बसलेलंच डोळ्यांना दिसत असणार असं मला वाटतं.

दोन महिन्यांनी, ९ नोव्हेंबरला मेरी केली मारली गेली, तिचा खूनही रिपरच्याच नावावर धरतात. कॅरोलाइन मॅक्सवेल शपथेवर सांगते की मी सकाळी आठ ते साडेआठच्या दरम्यान तिच्याशी बोलले, आणि डॉक्टरांच्या मते ती त्याआधी कित्येक तास मेलेली होती. कॉरोनरने बजावलं की बाई, जपून बोला, तुमचं इतरांपेक्षा वेगळं आहे, तरी ती हलली नाही. खात्री एवढी, पण केलीशी तिचं बोलणं त्याआधी जेमतेम दोनदा झालेलं. आणि जॉर्ज हचिन्सन, जो चौकशी संपल्यावर त्याच संध्याकाळी पोलिसांत गेला, त्याला रात्री दोनच्या गॅसच्या दिव्यात केलीबरोबरच्या माणसाच्या कोटाची फरची कॉलर, सोन्याची साखळी, तिला लटकणारा लाल खड्याचा शिक्का, टायवरची नालाची पिन सगळं दिसलं! इन्स्पेक्टर ॲबरलाइन यांचा त्याच्यावर विश्वास बसला, माझा बसत नाही.

माझा बसतो तो जोसेफ लॉवेंड या माणसावर. ३० सप्टेंबरच्या रात्री १:३५ ला माइटर स्क्वेअरला जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी त्याने एक पुरुष आणि एक बाई बघितली, आणि दहाच मिनिटांनी चौकात कॅथरीन एडोजचा मृतदेह सापडला. इतक्या जवळून गेलेला साक्षीदार! बाई पाठमोरी होती म्हणून त्याने फक्त तिचे कपडे ओळखले, चेहरा नाही. आणि तो माणूस पुन्हा दिसला तर ओळखशील का, यावर त्याचं उत्तर होतं की मला शंका आहे.