नऊ आण्यांची तुलना

(पडद्यावर : घाटाचा वळणावळणाचा रस्ता. एसटीच्या खिडकीतून दिसणारी कोरडी टेकडी.)

मलकापूर स्टेशनवर उतरलं की बुलढाण्याला जायला राजूरचा घाट चढावा लागतो. आज एसटी तास-दीड तासात वर आणून सोडते. 1881 साली रेल्वेची साथ मलकापूरपर्यंतच, आणि पुढे टपाल जे चढायचं ते बैलगाडीने, नाहीतर माणसाच्या पाठीवरून. आता विचार करा, पुण्यात छापलेलं वर्तमानपत्र वऱ्हाडातल्या या गावी पोचेपर्यंत त्याची किती घडी मोडलेली असेल.

तरी इथे ते वाचलं जात होतं. आणि वाचणाऱ्यांत एक बाई होती.

ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे. मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. शाळा नाही, परीक्षा नाही, पदवी तर नाहीच. मराठा घरातला पडदा, आणि त्या पडद्याआड पुस्तकं. लग्न झालं ते घरजावई करून. मूलबाळ झालं नाही. त्यांच्या आयुष्याबद्दल ठामपणे सांगण्यासारखं एवढंच. बाकी सगळं आहे ते एका पुस्तकात.

(पडद्यावर : जुन्या छापाचं मुखपृष्ठ. कॅमेरा एकेका ओळीवरून सरकतो.)

‘स्त्रीपुरुषतुलना’. साल 1882. छापखाना पुण्याचा, श्री शिवाजी छापखाना. प्रती 500, किंमत नऊ आणे. मुखपृष्ठावर लांबलचक नाव आहे, आणि त्याचा मतलब असा, की स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध.

‘साहसी’ या शब्दावर जरा थांबू या. आज आपण साहसी म्हटलं की डोंगर चढणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. ताराबाईंच्या पानावर साहस म्हणजे आततायी, बेछूट कृत्य. मागचापुढचा विचार न करता केलेला गुन्हा. तेव्हा मुखपृष्ठावरचा प्रश्न शौर्याचा नाही. प्रश्न आहे, गुन्हेगार कोण?

आणि हा प्रश्न त्यांनी हवेतून काढलेला नव्हता.

सुरत जिल्ह्यातलं ओलपाड. तिथे विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. तिला मूल झालं. ते मारल्याबद्दल 1881 साली तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. अपिलानंतर फाशी टळली, शेवटी शिक्षा पाच वर्षांवर आली. खटला गाजला तो गुजरातेपुरता नाही. मुंबई इलाख्यातल्या पत्रांनी तो उचलला. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ने तर या निमित्ताने सगळ्याच बायकांना धारेवर धरलं. हल्लीच्या बायका बिघडल्या, असा एकूण सूर. विधवेला पुन्हा लग्न करू न देणाऱ्यांबद्दल आणि त्या मुलाच्या बापाबद्दल मात्र अक्षर नाही.

बुलढाण्यात हे वाचलं गेलं, आणि वाचणाऱ्या बाईचं डोकं फिरलं. एरवी डोकं फिरलेला वाचक काय करतो? पेपर भिरकावतो, घरात कुणावर तरी ओरडतो, दोन दिवसांनी विसरतो. ताराबाई लिहायला बसल्या.

(पडद्यावर : सुपात धान्य पाखडणारे हात. आवाज फक्त सुपाचा.)

आता त्यांनी ते केलं कसं, ते बघण्यासारखं आहे. मला विचाराल तर या पुस्तकातली खरी गंमत तिथेच आहे, आणि तीच सहसा कुणी सांगत नाही. ‘स्त्रीमुक्तीचं आद्य पुस्तक’ असं म्हणून त्याला हार घातला जातो, आणि पुस्तक पुन्हा कपाटात जातं.

भर्तृहरीचा एक श्लोक आहे, शृंगारशतकातला. ‘आवर्तः संशयानाम्’ अशी त्याची सुरुवात. बाई म्हणजे काय, याची त्यात यादीच दिली आहे. संशयांचा भोवरा. उद्धटपणाचं घर. साहसांचं शहर. दोषांचा साठा. शेकडो कपटांनी भरलेली. अविश्वासाचं शेत. स्वर्गाच्या दारातला अडसर. नरकाचं तोंड. सगळ्या मायेचा करंडा. आणि शेवटी, हे यंत्र निर्माण तरी केलं कुणी, असा कवीचा हताश सवाल. श्लोक दिसायला झोकदार आहे. शतकानुशतकं पाठ केला गेला. कीर्तनात, पुराणात, ओसरीवरच्या गप्पांत तो टाळीचं वाक्य म्हणून वापरला गेला असणार, हे सांगायला पुरावा नको.

ताराबाई हा श्लोक सुपात घेतात आणि पाखडतात. एक विशेषण उचलायचं, त्याचा अर्थ लावायचा, आणि विचारायचं, हे बसतं कुणाला? भोवरा कोण? कपट कुणाचं? मग त्या उदाहरणं काढतात. अंगाला राख फासून बायकांना ठकवणारे बैरागी. दारू पिऊन घर बुडवणारे नवरे. गोड बोलून बाईला नादी लावणारे, आणि तिचे दिवस भरत आले की तोंड लपवणारे. विशेषण तेच राहतं, फक्त त्याखालचं नाव बदलतं. ‘साहसांचं शहर’ हे विशेषण तर थेट त्यांच्या मुखपृष्ठावर जाऊन बसलं आहे, असं मला वाटतं. कवीने बाईसाठी बांधलेलं शहर त्यांनी पुरुषांच्या नावावर करून दिलं.

तुलना या शब्दात तुला आहे, म्हणजे तराजू. वजन दुसऱ्याचंच वापरायचं, पारडं तेवढं आपण धरायचं.

हे वाचन विद्वानांचं नाही. त्या काळात विद्वानांचं वाचन कसं असे, ते समजून घ्यायला फार लांब जायला नको. 1874 पासून पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमाला’ काढत होते. मासिक एकट्याचं, 84 अंक. मराठीत दुसऱ्याच्या लेखनाची चिरफाड करण्याचं शास्त्र असं काही असेल, तर ते त्यांनी घडवलं. लोकहितवादींची पत्रं असोत की जोतीराव फुल्यांचं लेखन, शास्त्रीबुवा समोरच्याचं व्याकरण काढत, शुद्धलेखन काढत, संस्कृत येतं की नाही ते काढत, आणि मग उपरोधाची अशी काही फेक करत की वाचणारा पुणेकर मांडीवर थाप मारून हसे. गद्य म्हणून ते आजही देखणं आहे. पण फुल्यांचं मराठी अशुद्ध आहे असं दाखवून झाल्यावर, फुले जे म्हणत होते त्याचं काय, हे अनेकदा तसंच राहून जातं.

शास्त्रीबुवा मार्च 1882 मध्ये वारले, अवघ्या एकतीस वर्षांचे असताना. त्याच वर्षी ताराबाईंचा निबंध आला. त्यांच्या हाती तो पडला असता तर? जाऊ द्या. व्याकरणाच्या चुका काढायला तिथे भरपूर जागा होती, एवढं मात्र खरं.

कारण ताराबाई लिहितात ते बोलल्यासारखं. वाक्य सुरू होतं, मध्येच कुणाला तरी दटावतं, एखादी म्हण ओढून आणतं, देवांनाही सोडत नाही, आणि धापा टाकत कुठेतरी संपतं. पुराणातल्या देवांची लफडी त्या शेजारणीला सांगावीत तशी सांगतात. पहिली बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणणाऱ्यांना विचारतात, मग विधवेनेच काय पाप केलं? आणि सावित्रीबद्दलचा त्यांचा तो प्रसिद्ध प्रश्न. नवऱ्याचे प्राण परत आणायला सावित्री यमाच्या दरबारापर्यंत गेली. आपल्या बायकोसाठी दरबार राहू द्या, त्या वाटेवर तरी कुणी पुरुष गेल्याचं ऐकलंय का?

(पडद्यावर : वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायका. दोरा फिरत राहतो. निवेदन काही सेकंद थांबतं.)

हा प्रश्न विचारायला ग्रंथ लागत नाहीत. वटपौर्णिमेची कथा घराघरात ऐकली जायची, तीच कथा त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि तिच्यात कोण नाही ते पाहिलं. ‘मुक्तामाले’सारख्या तेव्हाच्या कादंबऱ्यांकडे, नाटकांकडे, पोथ्यांकडेही त्या याच नजरेने बघतात. लिहिणारा पुरुष, तोलणारा पुरुष, निकाल देणारा पुरुष. मग ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय त्यांना कुणी विचारलं का?

सुधारकांनाही त्यांनी मोकळं सोडलेलं नाही. सभा भरवायच्या, भाषणं ठोकायची, टाळ्या घ्यायच्या, आणि घरी येऊन काहीच करायचं नाही, हा त्यांचा आरोप. बूट-पाटलोण घालताना धर्म आडवा येत नाही, तो फक्त विधवेच्या वेळेस बरा येतो, ही त्यांची खोच.

आता त्यांच्याच पद्धतीने त्यांना तोलू.

निबंध विस्कळीत आहे. एकच मुद्दा चार वेळा येतो. पातिव्रत्याची चौकट त्या पुरती मोडत नाहीत. कधी कधी नवऱ्याने नीट वागावं आणि बायकोने त्याची सेवा करावी, इथवरच येऊन थांबतात. इंग्रज सरकारबद्दल कृतज्ञता इतकी, की आजच्या वाचकाला अवघडल्यासारखं होतं. बायकांना शिकायला मिळालं ते या राज्यात, हा त्यांचा हिशेब, आणि त्या हिशेबात राज्याची बाकीची बाजू येत नाही. आणि भर्तृहरीने सगळ्या बायका एका माळेत ओवल्या, तसेच त्यांनी सगळे पुरुष ओवले आहेत, असाही आक्षेप घेता येतो. पुष्कळांनी तो घेतलाही.

त्या शेवटच्या आक्षेपाशी मी सहमत नाही. सगळे पुरुष असेच, असं जेव्हा त्या म्हणतात तेव्हा त्या भर्तृहरीचंच वाक्य उलटं धरून दाखवत असतात. वाचताना राग आला, अन्याय वाटला, तर त्यांचं काम झालं. हे पान उजवीकडून डावीकडे वाचलं तर बायकांना रोज कसं वाटतं ते कळेल, असा तो डाव आहे.

प्रस्तावनाही अशीच सावधपणे वाचायला हवी. मी एक बाई, घराच्या बंदिशाळेत राहणारी, मती नसलेली, आणि हा माझा पहिलाच निबंध. चूकभूल, कडक भाषा झाली असेल, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. हात जोडून केलेली विनवणी. आणि मग पान उलटलं की त्याच मतिहीन अबलेने संस्कृत श्लोक उलगडून ठेवलेला. हात जोडलेले आहेत खरे, पण डोळे खाली नाहीत.

(पडद्यावर : पुण्यातली जुनी पेठ, बंद दुकानांच्या फळ्या, पहाट.)

1882 हे साल पुण्यात गजबजलेलं होतं. ‘केसरी’ सुरू होऊन वर्ष झालेलं. पंडिता रमाबाई पुण्यात येऊन आर्य महिला समाज उभा करत होत्या. बायकांच्या शिक्षणावर बोलणारी सभ्य, नेमस्त भाषा तयार होत होती. त्या भाषेत बुलढाण्याहून आलेलं हे पुस्तक बसणारं नव्हतं. ते फार मोठ्याने बोलत होतं.

टीका झाली. ती सनातन्यांकडून होणार हे ताराबाईंना ठाऊक असणारच. पण सत्यशोधक वर्तुळातल्याच एका संपादकानेही पुस्तकावर तोंड टाकलं. ज्या घरात त्या वाढल्या त्याच घरातून आलेला दगड. जोतीराव फुल्यांना हे सहन झालं नाही. 1885 साली त्यांनी ‘सत्सार’ नावाच्या लहान पुस्तिका काढल्या होत्या. त्यातल्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसाचे कान उपटले. त्याच वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तिला यायचं निमंत्रण फुल्यांनी नाकारलं. घालमोड्या दादांच्या सभेत आमचं काय काम, असं त्यांचं उत्तर. कोण कुणाचं लिहिलेलं वाचतो, आणि वाचताना लिहिणाऱ्याकडे माणूस म्हणून बघतो की नाही, हा फुल्यांच्या दृष्टीने वाङ्मयाचा पहिला प्रश्न होता. शुद्धलेखन त्यानंतर.

500 प्रती कुठे गेल्या? काही विकल्या गेल्या असतील, काही वाळवीने खाल्ल्या असतील, काही पुरुषांनी बायकांच्या हाती लागू नयेत म्हणून माळ्यावर टाकल्या असतील. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत कित्येक वर्षं या नावाला जागा नव्हती. 1975 साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा छापून आणली. तेव्हा संयुक्त राष्ट्रांचं महिला वर्ष चालू होतं, मोर्चे निघत होते, घोषणा होत होत्या. त्या घोषणांतल्या बऱ्याचशा गोष्टी 93 वर्षांपूर्वी बुलढाण्यात लिहून झाल्या होत्या, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

(पडद्यावर : घाटातून खाली उतरणारी एसटी. मलकापूर स्टेशन. पुस्तकाच्या प्रस्तावनेचं पान.)

ताराबाईंनी प्रस्तावनेत लिहिलं होतं, हा माझा पहिलाच निबंध. पहिला म्हटलं की वाचणारा दुसऱ्याची वाट बघतो.

दुसरा आला नाही.