आतून धुऊ नका

आज अंगावरून पांढरं जाणं आणि तिथली खाज या दोन गोष्टींवर बोलायचं आहे. माइकवरून हे शब्द आले की सभागृहात चुळबुळ होते, ती मला इथूनही दिसते. होऊ दे. ही तक्रार असलेली बाई बहुतेकदा डोकेदुखीपासून सुरुवात करते आणि उठता उठता, दाराला हात लावून, खरं काय ते सांगते. आपण निदान तेवढा वेळ वाचवू.

थोडं पांढरं जाणं हा आजार नाही. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत योनिमार्ग ओलसर राहतो, तो तसाच राहायला हवा. बीज सुटण्याच्या सुमारास स्राव पातळ, पारदर्शक, बोटांत ताणला जाईल असा होतो. मग पुन्हा घट्ट आणि पांढुरका. गरोदरपणात तो वाढतो. घाण वास नाही, खाज नाही, जळजळ नाही, तर औषधही नको. यातून अंगातली ताकद निघून जाते, ही भीती मी फार ऐकते. त्यात तथ्य नाही. थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, थायरॉइड तपासा.

योनीत जंतू असतात आणि ते असावेच लागतात. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणून ओळखतो. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, जमतं, त्यातून या जंतूंना खाद्य मिळतं आणि ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. म्हणून तिथला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि त्या आंबटपणात बरेचसे त्रासदायक जंतू वाढत नाहीत.

ही व्यवस्था आपणच मोडतो, तेही स्वच्छतेच्या नावाखाली. पिचकारीने आत पाणी मारणं, अँटिसेप्टिक द्रव, सुगंधी वॉश, परफ्यूमवाले पुसायचे कागद. आत धुतलं की चांगले जंतू वाहून जातात, दुसऱ्यांना जागा होते, वास येतो, आणि वास आला म्हणून बाई आणखी धुते. योनी आतून स्वतःच साफ होते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, एवढं पुरतं. ‘इंटिमेट’ लिहिलेल्या बाटल्यांचं काय, असं समोरून विचारताहेत. निरोगी बाईला त्यांची गरज नाही.

आता संसर्ग. मुख्य तीन, आणि तिघांचं औषध वेगळं. बुरशीचा, म्हणजे कॅन्डिडाचा संसर्ग चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतो. खाज असह्य, त्वचा लाल, लघवी करताना बाहेर चुरचुरतं, स्राव दह्याच्या कवडीसारखा, पण वास जवळजवळ नाही. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, गरोदरपण आहे किंवा रक्तातली साखर वाढलेली आहे, अशा वेळी ही बुरशी उसळते. मधुमेहाच्या काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही तिला फावतं. वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला तर साखर तपासा आणि स्रावाचं कल्चर करा, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिची जात ओळखता येते. बुरशीच्या काही जाती नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत.

दुसरा प्रकार बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि इतर जंतूंची गर्दी होते. स्राव पातळ, राखाडी. वास मासळीसारखा, संबंधानंतर जास्त. खाज मात्र फारशी नसते. तिसरा ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी. तो संबंधातून येतो. स्राव पिवळट-हिरवा, फेसाळ, आणि खाज, जळजळ भरपूर.

पुस्तकात हे असं सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात दोन संसर्ग एकत्र येतात, लक्षणं एकमेकांत मिसळतात आणि नुसतं पाहून आम्हीही फसतो. म्हणून स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, पीएच मोजायचा. दुकानातून आणलेल्या ‘सगळ्यावर एकच’ मलमाचा मला राग आहे तो यासाठी. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, बुरशी मात्र आत वाढत राहते आणि त्वचा पातळ होते.

प्रत्येक खाज संसर्गाचीच असते असंही नाही. सुगंधी पॅड, नवा डिटर्जंट, केस काढायचं क्रीम, यांनीही त्वचा चिडते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, अस्तर पातळ आणि कोरडं होतं, खाज सुटते; त्यावर बुरशीचं औषध लावून उपयोग नाही, योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम डॉक्टर देतात. त्वचा पांढरी, चकचकीत झाली असेल तर लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असू शकतो, तो अंगावर काढू नये. लहान मुलीला रात्री खाज सुटत असेल तर जंतांचा विचार करा.

काळजी फार अवघड नाही. सुती, सैल अंतर्वस्त्र. घामाने किंवा पाण्याने ओले झालेले कपडे लवकर बदला. पॅड चार ते सहा तासांनी बदला. शौचानंतर पुसताना हात पुढून मागे जाऊ द्या. कंडोम वापरा. सर्दीसाठी उगाच अँटिबायोटिक घेऊ नका.

वाट बघू नये अशा गोष्टी: रक्तमिश्रित स्राव, संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, ओटीपोटात दुखून ताप, गरोदरपणात पाणी जाणं. रक्त दिसलं तर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आधी. त्रास नसला तरी तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

चिठ्ठ्यांमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: नवऱ्याला औषध द्यायचं का? ट्रायकोमोनास असेल तर नक्की, त्याला काही त्रास नसला तरी, आणि दोघांचे उपचार संपेपर्यंत संबंध नकोत. बुरशी असेल तर सहसा गरज नाही. व्हजायनोसिसमध्ये आम्ही वर्षानुवर्षं ‘गरज नाही’ म्हणत आलो. पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले: जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिलं तिथे बारा आठवड्यांत ३५ टक्के बायकांना त्रास उलटला, फक्त बाईला औषध दिलं तिथे ६३ टक्के. तेव्हा व्हजायनोसिस सारखा उलटत असेल, तर पुढच्या वेळी त्यालाही बरोबर घेऊन या.